संकल्पना साहेबांची

गावात कुठेही जुना दगड सापडला की तो पांडवांनीच आणून ठेवलेला असतो, हे आमच्याकडे सर्वमान्य आहे. तळ्याकाठच्या नव्या वारसा उद्यानात वीरगळ, सतीशिळा आणि एक गधेगाळ ओळीने मांडून झाल्यावर माहितीफलकांचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझी पात्रता एवढीच की मी शाळेत मराठी शिकवत असे. पहिलीच सूचना आली, "सर, पांडवांचं तेवढं येऊ द्या."

पांडव मी गाळले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक, आणि तो वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत हाणामारी, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. हे सगळं मी काटकसरीने लिहून नेलं, तर फलकावर जागाच नाही! वरची पट्टी बोधचिन्हांना, डावी बाजू साहेबांच्या हात जोडलेल्या फोटोला आणि खाली ठळक अक्षरांत 'यांच्या संकल्पनेतून व विशेष प्रयत्नांतून साकार'. लढाईत मेलेल्या माणसाला दोन ओळी मिळाल्या. त्यातही छापून आलं 'विरघळ'.

सतीशिळेवरचा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात पाहून कुणीतरी विचारलं, "हा आशीर्वाद का हो?" मी काय ते सांगितलं. मग बराच वेळ सगळे चहाच पीत होते.

खरा घोळ घातला तो गधेगाळीने. शिलाहारांच्या काळापासून कोकणात असे दगड उभे राहिले. जमीन किंवा उत्पन्न दान दिलं की शिळेवर चंद्र-सूर्य कोरायचे, त्याखाली दानाचा लेख आणि तळाशी गाढव व बाई. हे दान जो मोडेल त्याच्या आईचं काय होईल, ते तिथे दाखवलेलं असतं.

साहेब वाकून निरखत म्हणाले, "हे काय चाललंय?"

"शिवी आहे, साहेब."

"लेखी?"

"सचित्र."

त्यानंतर 'प्राचीन पशुपालनाचे शिल्प' असं लिहावं, असा ठराव जवळजवळ झालाच होता. तेवढ्यात एक नगरसेविका ताई म्हणाल्या, "दान मोडणार हा आणि भोगणार याची आई! हेसुद्धा लिहा, सर." साऱ्या बैठकीतली ही एकच अभ्यासू सूचना. अर्थातच ती नामंजूर झाली आणि 'शापशिल्प' या शब्दावर तडजोड झाली.

मला मात्र त्या पाथरवटाचं फार कौतुक वाटलं. वाचता येतं त्याच्यासाठी लेख, येत नाही त्याच्यासाठी गाढव. शिवाय फोटो कुणाचाच नाही.

उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत साहेबांच्या जोडलेल्या हातांवर पानाची पिचकारी उडाली. तातडीची बैठक बसली. 'येथे थुंकू नये' कुणी वाचतच नाही, यावर एकमत झालं. तेव्हा स्वच्छता निरीक्षक चाचरत म्हणाले, "सर, ते खालचं गाढवाचं चित्र जरा मोठं करून लावलं तर?"

साहेबांनी जागच्या जागी मंजुरी दिली. फक्त त्या फलकावर संकल्पना कुणाची, ते लिहायचं नाही, असं बजावलं.