पद चालू असताना

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका वर्षी ‘मानापमान’मधला एक प्रवेश बसवला होता. माझ्या वाट्याला आलं ते न गाणाऱ्याचं काम. समोरच्या बाईंचं पद होईपर्यंत ऐकायचं, मग एक वाक्य टाकायचं आणि विंगेत जायचं. तालमीत सोपं वाटलं. प्रत्यक्षात तिसऱ्याच ओळीला माझ्या नाकाला खाज सुटली. हातांचं काय करावं तेही कळेना. कमरेवर ठेवले तर विठोबा, मागे बांधले तर शाळा तपासायला आलेले साहेब. थर्माकोलच्या खांबाला टेकायला गेलो, तर खांबच हलला. तेवढ्यात कुणीतरी ‘वन्समोअर’ ओरडलं. ओरडणारं माणूस आमच्याच घरचं होतं, हे नंतरच्या चौकशीत उघड झालं.

तेव्हापासून गणपतराव बोडस या नटाचं नाव निघालं की मी सावरून बसतो. बालगंधर्वांचं गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते गाणं चालू असताना शेजारी कोण उभं होतं? १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ आणलं, तेव्हा बालगंधर्व भामिनी आणि बोडस लक्ष्मीधर. अंगभर दागिने आणि छातीत धडधड, असा तो श्रीमंत भित्रा. १९१३मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि बोडस या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे बोडस मालकांपैकी एक. वन्समोअर पडला की मालक म्हणून खूश व्हायचं आणि नट म्हणून ताटकळायचं, अशी ही दुहेरी नोकरी! तेव्हाची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायची. वन्समोअरवर वन्समोअर पडत, आणि प्रत्येक वेळी रंगमंचावरच्या दुसऱ्या माणसाला तीच पहिल्या वेळची उत्सुकता नव्याने चेहऱ्यावर आणावी लागे.

देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये तर बोडस फाल्गुनराव. हा गृहस्थ रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला सावरायला जातो आणि घरी नसता संशय ओढवून घेतो. रेवती अर्थातच बालगंधर्व. बालगंधर्वांना सावरणं हा बोडसांच्या कारकिर्दीचा एक मोठा भागच म्हणायला हवा. (फाल्गुनराव करणारा प्रत्येक नट आजही बोडसांशी तोलला जातो. आजोबांच्या मापाचा कोट नातवाला चढवून बघावा तसा.)

पण खरी कसोटी गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात बडोद्याला पहिला प्रयोग झाला. पदंही गडकऱ्यांची नव्हेत, वि. सी. गुर्जरांची. एरवी भरजरी शालूंचा शौक असलेले बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळं लावलेलं लुगडं नेसले आणि जात्यावर बसले. थिएटर तिच्यासाठी रडत होतं. त्या रडण्याला कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे बोडसांचा सुधाकर, सिंधूचा दारुडा नवरा. तो उगाच झोकांड्या खाणारा विनोदी दारुडा झाला असता, तर सिंधूचं पद नुसतंच गोड लागलं असतं. एवढ्या लाडक्या सिंधूला छळायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, वर तिच्या पदाला टाळ्या पडत असताना आपली नशा उतरू द्यायची नाही! मला तर नाकाची खाजसुद्धा आवरली नव्हती.

बालगंधर्वांची पदं ध्वनिमुद्रिकांवर राहिली. तिथे तीन-सव्वातीन मिनिटांत काम उरकतं. ऐकणाऱ्या नटाचा आवाजच नसतो, त्यामुळे तो तबकडीवर उमटण्याचा प्रश्नच नाही. परवा मी सिंधूचं एक पद लावलं आणि ते ऐकणारा सुधाकर कसा दिसत असेल, म्हणून खुर्चीत मान खाली घालून, डोळे अर्धवट मिटून बसलो. हात सैल सोडले. बऱ्यापैकी जमलं असावं, कारण स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली आणि तिने गाणं बंद केलं.

“झोपायचंच असेल तर आत जाऊन झोपा ना,” ती म्हणाली.

“झोपलो नव्हतो. भूमिका करत होतो.”

“मग खांब धरा,” असं म्हणून ती आत गेली.