फिरकीचा तांब्या

सातसरच्या मुक्कामी, म्हणजे ट्रेकच्या पाचव्या संध्याकाळी, आमच्या गटात अचानक औदार्याची साथ आली. सोनमर्गहून निघताना ज्यांनी आपापला खाऊ सॅकच्या तळाशी दागिन्यांसारखा दडवला होता, तीच माणसं आता तंबूतंबूंतून फिरून बाकरवडी वाटत होती. पहिल्या रात्री मी स्वतः स्लीपिंग बॅगमध्ये डोकं खुपसून, आवाज होऊ नये म्हणून चिवड्यातला एकेक शेंगदाणा आधी चघळून मऊ केला होता आणि मग चावला होता. आता तोच चिवडा मी लोकांच्या ओंजळीत ओतत होतो. "अहो, एवढा घ्याच" असा आग्रह पंगतीत वधूपित्यानेही केला नसेल. गोम अशी की पुढे झाजची खिंड होती, तिच्यापलीकडे नारानागचा चार हजार फुटांचा उतार होता, आणि जो तो आपल्या सॅकमधलं ओझं दुसऱ्याच्या पोटात ढकलायला निघाला होता.

या ट्रेकला सगळे 'काश्मीर ग्रेट लेक्स' म्हणतात. सोनमर्गहून निघायचं, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, नंदकोल, गंगाबल अशी तळी पाहत सुमारे ७० किलोमीटर चालायचं आणि नारानागला उतरायचं. विशनसर दिसलं तेव्हा आम्ही पंधरा माणसं पुण्याची असूनही पाच मिनिटं कुणी बोललं नाही. गडसरला दोन मिनिटं. सातसरला पोचेपर्यंत "हं, हेही निळंच आहे" इथवर मजल गेली होती. नावाप्रमाणे तळी सात हवीत, पण उन्हाळा सरताना त्यांतली काही आटतात. आमच्यातल्या एकाने ती मोजली, कमी भरली, आणि हिशेबात घोळ असल्यासारखा चेहरा करून तो लीडरकडे गेला.

माझी अडचण मात्र वेगळी होती. चिवडा वाटता येतो, तांब्या वाटता येत नाही.

हा तांब्या आत्याचा. पितळी, फिरकीच्या झाकणाचा, आजोबांच्या काशीयात्रेपासून घरात असलेला आणि रिकामा असतानाच किलोभर वजनाचा. मी गंगाबलला चाललोय हे कळल्यावर आत्याने तो माळ्यावरून काढला, चिंचेने घासला आणि माझ्यापुढे ठेवला.

"येताना पाणी आण."

"आत्या, अगं प्लास्टिकच्या बाटलीत आणतो की."

"गंगा बाटलीत आणतात होय रे? आणि हरिद्वारची काय, सगळेच आणतात."

आत्याची ही माहिती तिच्या सोसायटीतल्या काश्मिरी पंडित शेजारणीकडून आलेली. १९९० साली खोरं सोडून आलेलं ते कुटुंब. हरमुख पर्वताच्या पायथ्याचं गंगाबल ही काश्मिरी पंडितांची गंगा. घरातलं माणूस गेलं की अस्थी तिथे न्यायच्या. भाद्रपदातल्या गंगाष्टमीला तिथे यात्रा असते. मध्ये कित्येक वर्षं ती बंदच होती, २००९ पासून पुन्हा सुरू झाली. हे सगळं ऐकल्यावर नाही म्हणायची माझी काय बिशाद?

शिवाय मी सॅक ऑफलोड करणार नाही अशी घोषणा ऑफिसात चहाच्या टपरीवर करून बसलो होतो. ऑफलोड म्हणजे पैसे भरून सॅक घोड्यावर लादणं. गटातली शहाणी माणसं पहिल्याच दिवशी तसं करून मोकळ्या हातांनी फोटो काढत चालली होती. मी मात्र साडेअकरा किलो पाठीवर घेऊन त्यांच्या मागून, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वाकलेला दिसतो.

सातसरला माझ्या मनात पाप आलं. ओढ्यावर तोंड धुवायला गेलो आणि तांब्या तिथल्याच एका दगडावर 'विसरलो'. आत्याला काय सांगायचं तेही ठरलं होतं: काश्मीरच्या गंगेने तांब्या ठेवून घेतला. अर्ध्या तासाने एका बकरवालाचा, म्हणजे मेंढपाळाचा, पोरगा, दहाएक वर्षांचा असेल, मेंढरं तशीच सोडून धापा टाकत कॅम्पवर आला आणि तंबूतंबूत डोकावून विचारू लागला, "लोटा किस का है?" गटातल्या बाकीच्या चौदाच्या चौदा जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पोराला बक्षीस म्हणून मी उरलेला सगळा चिवडा दिला. त्याने तो माझ्यादेखत, जराही आवाजाची फिकीर न करता कुडुमकुडुम खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेवाल्या चाचांना गाठलं. म्हटलं, चाचा, सॅक राहू द्या, एवढा एक लोटा घोड्यावर बांधाल? त्यांनी तो हातात घेऊन फिरकी उघडली, आत पाहिलं, कशासाठी आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फिरकी घट्ट लावून तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. "गंगाबल के पानी के लिए है तो आप ही उठाइए साहब. घोड़े को सवाब क्यों दे रहे हो?" सवाब म्हणजे पुण्य. त्याच्या या वाटपाविषयी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झाजची खिंड १३ हजार फुटांच्या वर आहे. चढ एवढा उभा की आपल्या सह्याद्रीतल्या नळीची आठवण यावी; फक्त इथे हवाही विरळ. पण वर पोचलो आणि समोर, १६,८७० फुटांचा हरमुख डोक्यावर बर्फ घेऊन बसलेला, खाली त्याच्या पायाशी गंगाबल आणि नंदकोल. सातसरला निळ्याचा कंटाळा आलेली आमची मंडळी पुन्हा गप्प झाली. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही.

याच हरमुखवरून १८५६ साली माँटगोमेरी नावाच्या ब्रिटिश सर्वेक्षकाला दोनशेएक किलोमीटर दूर काराकोरमची दोन शिखरं दिसली आणि त्याने वहीत त्यांना के वन आणि के टू असं टिपून ठेवलं. पहिल्याचं स्थानिक नाव मिळालं, माशेरब्रूम. दुसरं बिचारं अजून के टूच आहे. त्या काळी एवढाल्या उंचीवर थिओडोलाइट न्यायचा म्हणजे केवढं ओझं! अर्थात वाहणारे दुसरे असणार. मी तांब्यासकट सॅक खांद्यावर सरकवली आणि उतरू लागलो.

नंदकोलच्या काठी मुक्काम. गंगाबल तिथून हाकेच्या अंतरावर. अडीच किलोमीटर लांबीचं ते पाणी सकाळी इतकं स्तब्ध होतं की तांब्या बुडवताना संकोच वाटला. आत्याने सांगितल्याप्रमाणे मी तो तीनदा विसळला, भरला, फिरकी लावली आणि उचलला. किलोचा तांब्या अडीच किलोचा झाला होता. शेवटच्या दिवशी सगळा गट हलका होत असताना वजन वाढवणारा मी एकटा.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमच्या गटातले काका शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "हे पाणी कुठे जातं, ठाऊक आहे? इथून नंदकोलमध्ये. नंदकोलमधून ओढ्याने खाली. ओढा कुठे? नारानागच्या अंगाने. म्हणजे तुमच्या आत्याची गंगा आपण होऊन खाली येतेय, फुकट, आणि तुम्ही तिला पाठीवर घेऊन चाललाय!"

मला ते पटलं. म्हणूनच मी त्यांच्यावर रागावलो.

उताराबद्दल फार लिहीत नाही. आधी हिरवी कुरणं, मग पाइनचं जंगल, मग गुडघे. गुडघे ही माझी समजूत. तिथे नेमकं काय उरलं होतं सांगता येत नाही. बुटांत अंगठे पुढे आपटत होते. त्या उभ्या जंगलवाटेवर पाणी नाही आणि माझी बाटली अर्ध्यातच संपली. एका झाडाखाली बसलो. तांब्या समोर ठेवला. आत्याची आठवण काढली, क्षमा मागितली आणि प्यालो. आधी आचमनापुरतं. नंतर आचमनाची व्याख्या ढिली होत गेली.

नारानागला आठव्या शतकातल्या, ललितादित्याच्या काळच्या देवळांचे दगडी अवशेष आहेत. त्यांना दुरूनच नमस्कार करून मी तडक ओढ्यावर गेलो आणि तांब्या पुन्हा काठोकाठ भरला. काका मॅगी खात बसले होते. "बरोबर," ते म्हणाले, "हे तुमच्या आधीच पोचलं असेल." पुढे श्रीनगरच्या विमानतळावर सॅक काट्यावर ठेवली, साडेबारा किलो भरली. निघताना साडेअकरा होती. सात दिवस खाऊनसुद्धा!

पुण्यात आत्याने तांब्या देवापुढे ठेवला आणि शेजारणीला बोलावलं. दोघींनी पळीपळी घेतलं. "गंगाबलचंच ना रे?" आत्याने विचारलं. मी काकांचं जलशास्त्र मनात घोळवून हो म्हणालो, पण आवाज जरा चिरकला असावा. शेजारणीने माझ्याकडे नीट पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांत मुरलेल्या मराठीत ती म्हणाली, "नारानागला भरलंस ना? आमची आजी पण तिथंच भरायची. वर चढवतं कुणाला?" आणि हसत तिने पुन्हा पळी पुढे केली.

आत्या मात्र हसली नाही. तांब्या चिंचेने घासून तिने परत माझ्याकडे दिलाय, या खेपेला वरचंच हवं म्हणून. माझे गुडघे अजून नारानागच्या जंगलातच आहेत. तेव्हा ऑगस्टात कुणी त्या बाजूला निघत असाल तर कळवा. तांब्या मी घरपोच आणून देईन.