चैत्रातली शाळा किती वाजता भरते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, मुलांची झोप पुरी होत नाही. मार्च २०२५ संपता संपता शिक्षण विभागाने सांगितलं, ऊन वाढलंय, प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा भरवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे जिल्हा परिषदेने सांगितलं, बिबट्याचा वावर असलेल्या गावांत शाळा साडेनऊ ते चार ठेवा. तिन्ही आदेशांमागचं कारण खरं आहे. झोप खरी, ऊन खरं, बिबट्याही खरा. पण जुन्नर-आंबेगावातल्या मळ्यावरच्या तिसरीतल्या पोरीपुढे चैत्रात ही तिन्ही कारणं एकाच सकाळी उभी राहतात. तिच्या शाळेला मात्र सगळ्यात शेवटी आलेला कागद पाळावा लागतो.

सात वाजताच्या शाळेसाठी दीड-दोन किलोमीटर चालणारं मूल सव्वासहाला घर सोडतं. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य उगवतो साडेसहाच्या सुमारास. मार्चच्या सुरुवातीला तर पावणेसातनंतर. म्हणजे मूल निघतं ते झुंजूमुंजू असताना, आणि बिबट्या फिरतो तो नेमका त्याच वेळी. नारायणगाव, ओतूर, मंचर, पारगावच्या पट्ट्यात घरं मळ्यामळ्यांत विखुरलेली आहेत. वाट उसातून जाते. फेब्रुवारी-मार्चात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांची तोड शेवटाकडे आलेली असते, एकेक फड मोकळा होतो, आडोसा मोडतो आणि जनावर उरलेल्या उसाकडे सरकतं. अशा दिवसांत पोरांना अंधारात बाहेर काढणारं वेळापत्रक कोणी मुद्दाम आखलेलं नाही. ते मुंबई-पुण्यात बसून, थर्मामीटर बघून, साऱ्या महाराष्ट्रासाठी एकदम आखलं गेलं. चंद्रपूरला ते बरोबर असेल. जुन्नरच्या पिंपळवंडीला ते चूक आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये, महिन्याच्या आत दोन लेकरं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक रस्त्यावर उतरले. मग शाळांच्या वेळा बदलल्या. शाळेची घंटा सरकवायला दोन मुलांचे जीव जावे लागले, हे मला सहन होत नाही. आणि उन्हाळ्याचा आदेश आला की तीच घंटा पुन्हा सातवर जाऊ नये, याची जबाबदारी आज कोणाच्या नावावर आहे, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी गावाला लिहून द्यावं.

कायदा आड येतो का? येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास मागतो. भागाकार करा. रोजचे चार तास. आठ ते बारा. उजाडल्यावर निघा, ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला घरी या. ज्या गावात ऊस नाही तिथे सात ते अकरा करा. ज्या वाडीत जीप येते तिथे तिच्या वेळेला जुळवा. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. कोणत्या बांधावर परवा पायाचे ठसे दिसले, हे त्या बायकांना ठाऊक असतं. वेळ ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे का नसावा?

आता परीक्षेबद्दल. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा सगळ्या राज्यात ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या गेल्या. शाळा एप्रिलभर चालावी हा हेतू. हेतू समजतो. पण त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला होता, आणि ऊसतोडीच्या टोळ्या पाडव्याच्या आसपास गावाकडे वळतात. कारखान्याच्या तळावरच्या पालातली जी पोरं गुरुजींनी दारोदार फिरून वर्गात आणून बसवली, त्यांची इथली परीक्षा झाली नाही आणि गावाकडच्या शाळेत त्यांचं वर्षभराचं काही लिहिलेलं नव्हतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद आहे. तो हातात देऊन पाठवणारे शिक्षक आहेत, मी त्यांना मानतो. पण कागद पोचला तरी गुण पोचत नाहीत. टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात त्या चार-सहा मुलांचं मूल्यमापन उरकून टाकायला शाळेला कोणाची परवानगी लागू नये. तोंडी घ्या, पाटीवर घ्या, पालासमोर बसून घ्या.

डोंगराकडचा चैत्र आणखी निराळा. भिवाडे, इंगळूण, घाटघर, किंवा आंबेगावच्या अंगाने आहुपे, तेरुंगण. महादेव कोळ्यांची गावं. इथे एप्रिल-मे म्हणजे हिरडा. कोवळी फळं झोडायची, वेचायची, वाळवायची, की त्याचा बाळहिरडा होतो आणि व्यापाऱ्याकडे किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीत जातो. वर्षातला रोख पैसा बऱ्याच घरांना यातूनच मिळतो. घरातला प्रत्येक हात रानात असतो, लहानसुद्धा. हजेरीवर त्या मुलांपुढे ‘गैरहजर’ पडतं. आणि वर्गात उरलेल्या सात-आठ मुलांना बाई वजन-मापाची उजळणी देत असतात, पुस्तकातल्या साखरेच्या पिशवीवरून.

हिरडा वर्गात आणा. एक किलो ओली फळं तोलून अंगणात पसरा. आठवड्याने तीच पुन्हा तोला. किती घटली? शंभर किलो ओला माल वाळून किती होईल? भाव वाळलेल्याचा की ओल्याचा? वजनकाटा खरा आहे की नाही, हे कसं तपासायचं? चौथीच्या मुलाला हे गणित आलं, तर त्या हंगामात त्याच्या आईचे पैसे वाचतील. अपूर्णांक शिकवण्यासाठी याहून सबळ कारण मला तरी सुचत नाही. आणि रानात गेलेल्या त्या मुलाला परत वर्गात आणणारी गोष्टही हीच, की त्याच्या हातातल्या कामाला शाळेने मान दिला. भीमाशंकरच्या अंगाला शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. त्याचं घरटं कोणत्या झाडावर, किती उंच, एका शेकरूची किती घरटी, हे आहुप्याची पोरं पाहत मोठी होतात. त्यांच्याकडून ते वहीत लिहून घ्या. शुद्धलेखन मग तपासा.

जत्रा लागली की शाळा ओस पडते, ही शिक्षकांची जुनी तक्रार. गावोगाव यात्रा, बैलगाडा शर्यती, शर्यतीच्या घाटावर गर्दी. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून घाट पुन्हा जागे झालेत; २०२३ च्या मे महिन्यात त्यांच्या कायद्यालाही मान्यता मिळाली. शर्यतीबद्दल माझी स्वतःची मतं आहेत, बैलाच्या अंगाने विचार करणारी, ती पुन्हा कधी. आज एवढंच सांगतो, की बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, सेकंदात मोजतात, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. अकरा पूर्णांक बासष्ट शतांश आणि अकरा पूर्णांक सात दशांश, यांत कमी कोणता? वर्गात या प्रश्नाला पाचवीची बरीच मुलं चुकतात, कारण बासष्ट सातापेक्षा मोठा दिसतो. घाटावर तेच पोर चुकत नाही. कोणत्या बारीचा नंबर वर लागला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. यात्रेनंतरच्या सोमवारी फळ्यावर दहा बाऱ्यांचे आकडे लिहा आणि चढता क्रम विचारा. दशांश अपूर्णांक एका तासात जागेवर येतो.

या भागातला एक दिवस मला मनापासून आवडतो. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळांतली मुलं आपापली मॉडेल्स घेऊन येतात, आणि त्या राक्षसी तबकड्या जवळून बघतात. अशा तीस आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या, शेताशेतांत. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण इथे उभारली, कारण रेडिओ लहरींचा गोंगाट इथे कमी होता आणि भोवती डोंगरांचा आडोसा होता. दूर आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा क्षीण इशारा टिपणारं यंत्र कांद्याच्या वाफ्याशेजारी उभं आहे. २०२५ मध्ये जिल्हा परिषदेने चाचण्या घेऊन पंचवीस मुलं थेट अमेरिकेत नासा बघायला पाठवली. फार चांगलं केलं. गरीब घरच्या मुलाने विमानात बसून जावं, यापेक्षा आनंदाचं काय? पण उरलेल्या हजारोंसाठी खोडद आहे ना! जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या चौथीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तिथवर नेण्याचं एसटीचं भाडं जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात बसवा. आज ते गुरुजींच्या खिशातून किंवा पालकांच्या वर्गणीतून निघतं. निघालं नाही तर सहल होत नाही.

नाणेघाटाचंही तेच. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे आणि शिवनेरी जुन्नरच्या कितीतरी शाळांच्या पटांगणातून दिसतो. २०२५ मध्ये तो जागतिक वारशात गेला. १९ फेब्रुवारीला मुलं तिथे जातात, पोवाडे म्हणतात, छान होतं. पण तिथून पुढे घाटघरच्या वाटेला नाणेघाट आहे आणि तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळ्यांची संख्या अंकांत कोरलेली. भारतातल्या सर्वात जुन्या कोरीव अंकांमध्ये यांची गणना होते. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी याच डोंगरात आकडे कोरले, आणि आपल्या तालुक्यातलं पोर संख्याज्ञानाचा तास पिवळ्या पडलेल्या तक्त्यासमोर काढतं. दगड झिजलाय, सगळं वाचता येत नाही. तरी चालेल. दहा कसे लिहीत आणि हजार कसे लिहीत, शून्य नसताना कसं भागत होतं, एवढं कोणी त्या दगडासमोर सांगितलं तरी स्थानिक किंमत हा धडा मुलाला आयुष्यभर पुरेल. फेब्रुवारीत न्या. एप्रिलमध्ये तो कातळ तापतो.

पुन्हा बिबट्याकडे येतो, कारण शिकवायचं म्हटलं तर यंदाच्या वसंतात याच्याइतकं गरजेचं दुसरं काही नाही. ऊसतोडीत बछडी सापडतात. पाच-सात पोरं गोळा होतात, मोबाइल निघतात. त्या वेळी मागे सरायचं, बछड्यांना हात लावायचा नाही, वनखात्याला फोन करायचा, आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राची माणसं ती बछडी रात्री त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवतात, हे पहिलीच्या मुलालाही तोंडपाठ हवं. मोठ्या मुलांना पुढचंही सांगा. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागातून बिबटे पकडून लांब सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासून २०११ मध्ये मांडलं. ‘पकडा आणि लांब सोडा’ ही मागणी आज प्रत्येक ग्रामसभेत होते. ज्याच्या घरातलं मूल गेलंय त्याच्या रागापुढे मी कोण बोलणार? पण सातवीतल्या मुलीला त्या अनुभवाची माहिती असेल, तर दहा वर्षांनी ग्रामसभेत ती काही वेगळं मागू शकेल. ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडला, माळशेज घाटात कॉलर घालून सोडला, आणि चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. शंभराहून जास्त किलोमीटर. नकाशा, दिशा, प्रमाण, नद्या, महामार्ग, सगळा भूगोल त्या एका वाटेवर आहे. माळशेज तर जुन्नरच्या वेशीवर.

वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतील. रास्त प्रश्न आहे. ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचा किती वेळ जातो, हे मी जवळून पाहिलंय, आणि त्यांच्यावर आणखी एक उपक्रम लादावा असं माझ्या मनातही नाही. पण आनंददायी शनिवार शासनानेच दिलाय. माघापासून चैत्रापर्यंतचे शनिवार शाळेने आपल्या परिसराला द्यावेत. त्यांचे फोटो, लिंक, अहवाल कोणी मागू नयेत. केंद्रप्रमुखांना बघायचं असेल तर त्यांनी मुलांबरोबर चालत यावं.

आणि शाळेच्या वेळेचा ठराव माघ संपायच्या आत व्हावा, मार्चचा आदेश यायच्या आधी. समितीची सभा बहुतेक ठिकाणी संध्याकाळी, पुरुषांच्या सोयीने ठेवतात. अंधार पडल्यावर मळ्यातली बाई पोराला घरी सोडून उसातून गावठाणात येऊ शकत नाही, आणि मग तिच्या नावापुढे नुसती सही होते. सभा दुपारी ठेवा, कांदाकाढणीच्या सुट्टीत, शाळेच्या व्हरांड्यात.