ओलावा किती, ते लिहून द्या

जालना जिल्ह्यातल्या वाटूर फाट्यावर चहाचे पैसे फोनवरून जातात, तेव्हा खेड्यात ई-व्यापार आलाच, असे सांगणारे खूप भेटतात. मला ते मान्य नाही. पैसे पोचते करणे सोपे झाले, इतकेच झाले. परतूर तालुक्यातला शेतकरी सोयाबीनचे कट्टे घेऊन अजून आडत्याच्या दारातच उभा असतो. कोणीतरी ढिगात हात घालतो, दाणे तळहातावर घोळवतो आणि भाव सांगतो.

शेतकऱ्याला मोबाइल कळत नाही, ही सबब आता पुरे. 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी तो बांधावर उभा राहून पिकाचा फोटो स्वतः चढवतो. पीकविम्याची तक्रार ऑनलाइन, हमीभाव खरेदीची नोंदणीही ऑनलाइन. सरकारला हवी ती माहिती त्याने फोनवरून दिली. त्याला हवा होता दूरचा गिऱ्हाईक, तो मात्र फोनमधून आला नाही.

14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम, म्हणजे ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजार, सुरू झाला तो यासाठीच. लातूरच्या नाहीतर इंदूरच्या व्यापाऱ्याने बसल्या जागी बोली लावायची. कल्पना चांगलीच आहे, पण न पाहिलेल्या ढिगावर तो पैसे का लावील? ओलावा किती, माती-काडी किती, डागी दाणा किती, हे त्याला पटेल अशा कागदावर लिहिलेले हवे. मालाची ही तपासणी म्हणजे ई-व्यापाराचा पाया, आणि खर्चाची वेळ आली की तीच मागे पडते.

2024 चा हंगाम आठवा. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, अट 12 टक्के ओलाव्याची. नोव्हेंबरमध्ये केंद्राने मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, पण तोवर अनेक गरजवंतांनी मिळेल त्या भावाने माल देऊन टाकला होता. गाडीभाडे भरून खरेदी केंद्रावर गेल्यावर ‘माल ओला आहे’ हे ऐकायचे, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. गावातच मोजमाप झाले असते तर माणसाने दोन दिवस ऊन दिले असते, भाडे वाचले असते.

माल लगेच विकायचा नसेल, तर मान्यताप्राप्त गोदामात ठेवला की इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, तिच्यावर बँक कर्ज देते, ही सोय 2017 पासून आहे. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना तर 1990 पासूनची. पण पंधरा-वीस क्विंटलचा धनी लांबच्या गोदामापर्यंत जात नाही. भाड्यातच त्याचा नफा संपतो.

तेव्हा जनजागृतीच्या मेळाव्यांचा मंडप एक वर्ष नको. त्या पैशात वाटूरसारख्या फाट्याच्या गावी सोसायटीच्या दारात ओलावा मोजायचे यंत्र ठेवा, मोजणाऱ्याला पगार द्या. तपासणीच्या पावतीवर सही कोणाची, हे आधी ठरवा. आणि पावती खोटी निघाली तर भरपाई सही करणाऱ्या संस्थेने द्यायची, हेही त्याच कागदावर छापा.