मामांची जागा

आमच्या मामांना प्रत्येक गोष्टीची जागा लागते. छत्रीचा खिळा ठरलेला, न्हाव्याची खुर्ची ठरलेली, लग्नाच्या पंगतीत भिंतीकडचं पान ठरलेलं. बागेतल्या त्यांच्या बाकावर दुसरं कोणी दिसलं की ते फिरायचं सोडून घरी परततात. तेव्हा इन्सुलिन सुरू झाल्यावर त्यांनी पोटावर एक जागा मुक्रर केली, यात नवल ते काय! बेंबीच्या उजवीकडे, चार बोटांवर.

रात्रीच्या जेवणाआधी सोहळा. टीव्ही बंद, सदरा वर. पेनची सुई ४ मिलिमीटरची. कातडी असते जेमतेम २ मिलिमीटर, तेव्हा खालच्या चरबीत पोचायला ती पुरते. पण मामा पोस्टातून निवृत्त झालेले. पेन पोटावर शिक्का मारल्यासारखं हाणतात. कातडी बिचारी आधी खळगा करून मागे सरते, मग नाइलाजानं वाट देते. "अहो, हळू! एवढं रेटलंत तर सुई चरबी ओलांडून स्नायूत जाईल," मामी म्हणते. "माझं मला कळतं." मग मोठ्यानं दहा आकडे. सुई आठवडाभर तीच. नखावर घासून बघतात आणि ओरखडा उठला की खूश : "धार आहे अजून!"

त्या जागी हळूहळू सुपारीएवढी गाठ धरली. "इथे टोचलेलं मुळीच कळत नाही," असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेवटी डॉक्टरांनी चाचपून सांगितलं की एकाच ठिकाणी टोचून टोचून चरबी फुगलीय. दुखत नाही हे खरं, पण औषध तिथंच रेंगाळतं, कधी झिरपतं, कधी नाही. म्हणून साखर आज ३००, उद्या १५०. जागा बदला, आणि डोस कमी करा.

मामांनी अर्धंच ऐकलं. हा घराण्याचाच रिवाज आहे, मीही त्यातलाच. डावीकडच्या निरोगी पोटात जुनाच डोस टोचला. तिथून औषध सगळंच्या सगळं भिनलं, आणि दोन तासांत मामांना दरदरून घाम, हात थरथर. साखर ५८. मामीनं साखरपाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर मामांचं पहिलं वाक्य : "बघितलंस? म्हणून मी जागा बदलत नाही!"

आता कॅलेंडरशेजारी मामांनी स्वतः आखलेला पोटाचा नकाशा आहे. चार भाग, एकेका आठवड्याला एकेक, आणि रोजची टोच कालच्यापासून बोटभर लांब. परवा मामी सहज म्हणाली, "डावीकडे खाली घ्या ना आज." मामा डाफरले, "ती पुढच्या आठवड्याची जागा आहे!"

जुन्या गाठीला मात्र संध्याकाळी एकदा हात लावून बघतात. काल मला म्हणाले, "मऊ पडत चाललीय रे." बदली झाल्यावर मागे राहिलेल्या क्वार्टरबद्दल बोलावं, तसा आवाज.