रांगोळीचं वेळापत्रक

आई-नाना कळसाडीहून श्टुटगार्टला आमच्याकडे आले, ते दोन बॅगा कपडे आणि एक बॅग तिखट घेऊन. कळण्याचं पीठ वेगळं. हे शहर १९६८पासून मुंबईची भगिनीनगरी आहे, असं मी कौतुकाने सांगितलं, तर नाना म्हणाले, "मुंबईची बहीण आन् इतकी मुकी?"

रात्री दहा ते सकाळी सहा इथे आवाज चालत नाही आणि रविवार तर अख्खा शांततेचा. १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजही लागू आहे. नाना मात्र बाल्कनीतून ट्रामच्या थांब्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्याला "कथा चालना भाऊ?" विचारणार. पहिल्याच रविवारी आईने खलबत्त्यात मिरच्या कुटायला घेतल्या, तशा खालच्या आजीबाई वर आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

आई रुळली ती केरवोखेमुळे. आठवडाभर एका बिऱ्हाडाने सामाईक जिना झाडून-पुसून ठेवायचा. पाळी कुणाची, ते दारावर टांगलेली पाटी सांगते. एबरहार्ड नावाच्या इथल्या सत्ताधीशाने १४९२मध्ये लोकांना आपापलं शेण वेळच्या वेळी गावाबाहेर न्यायला फर्मावलं, तिथपासून ही रीत मोजतात. हे ऐकून नानांची कळी खुलली. "म्हणजे यांच्या दारातबी उकिरडे होतेच की!" दोन म्युझियमं दाखवून जे साधलं नव्हतं, ते उकिरड्याने साधलं.

पाटी आमच्या दारावर येताच आईने पदर खोचला, तळापर्यंत जिना पुसला आणि उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी घातली. पुढची पाळी शेजारच्या तरुण इंजिनियरची. तो झाडू घेऊन रांगोळीपुढे थबकला. भाडेकरारात रांगोळी नव्हती. कचरा म्हणावं तर ठिपके काटेकोर मोजलेले, आणि सजावट म्हणावं तर ती पायाखाली! अखेर त्याने ठिपक्याला धक्का न लावता भोवतीने झाडलं. "पोरगा संस्कारी शे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईने, गावच्या रिवाजाप्रमाणे, कालची रांगोळी पुसून नवी काढली. तो संध्याकाळी आमच्याकडे आला आणि अत्यंत गंभीरपणे नक्ष्यांचं वेळापत्रक मागू लागला. नानांनी त्याला बसवून ठेचा-भाकरी खाऊ घातली. डोळ्यांतून पाणी गळत असतानाही त्याने ताट स्वच्छ केलं, आणि वेळापत्रक पुन्हा मागितलं.

तेव्हा जर्मनीला मुलाकडे निघाला असाल, तर रांगोळी खुशाल न्या. मिरच्या मात्र शनिवारीच कुटून ठेवा, आणि तेही रात्री दहाच्या आत.