मीटिंगराव

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी येतं. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर बोलायला या भागात कुणाला आमंत्रण लागत नाही. हॉटेलच्या बाकड्यावर चौघे टेकले की विषय आपोआप निघतो. अशा चौघांत पाचवा येऊन बसला, त्याने खिशातली दोन पेनं सावरली, मोबाइल पालथा ठेवला आणि ‘बरं, आता मुद्द्यावर येऊ’ असं म्हटलं, की समजावं, मीटिंगराव आले. तोवर ज्या गप्पा होत्या त्यांची मीटिंग झाली. मीटिंगराव कुणाला नुसते भेटत नाहीत. सोयरिकीची बोलणी करायला गेले तरी मीटिंग, तलाठ्याकडे सातबारा आणायला गेले तरी मीटिंग, आणि दुपारी डोळा लागल्यामुळे फोन उचलता आला नाही तर तेव्हाही ते ‘मीटिंगमध्ये होते’. ते एकट्या झरीचे नाहीत, बोरीला, मानवतला, सेलूलाही आहेत. पण मोठ्या गावात त्यांना जरा जास्त वाव मिळतो.

इंग्रजीचा सोस म्हणून त्यांना हसणं सोपं आहे, पण तो अन्याय होईल. त्यांच्या शब्दांकडे नीट पाहिलं तर प्रत्येकाचा खर्च वेगळा निघतो. मीटिंग म्हणजे चहा, फार तर बिस्किट, आणि वर्गणीचा विषय अगदी शेवटी. फंक्शन म्हणजे जेवण, म्हणजेच आहेर किंवा निदान टॉवेल-टोपी. गेट-टुगेदर म्हणजे दहावीची जुनी बॅच, माणशी ठरलेली रक्कम, सरांचा सत्कार, सगळ्यांना एकसारखे फेटे आणि नंतर महिनाभर ग्रुपवर फोटो. पार्टी रात्रीची, शेतातल्या आखाड्यावर, आणि घरी सांगताना तिचीही मीटिंगच होते. शब्द कानावर पडताच गड्याला कळतं की खिशात किती ठेवायचं, बायकोला न्यायचं की नाही, आणि घरून जेवून निघायचं की उपाशी. आपल्या ‘कार्यक्रम’ या शब्दात ही सोय नाही. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळाच कार्यक्रम. ‘उद्या कार्यक्रमाला या बरं का, मामा’ एवढाच निरोप मिळाला, तर मामांनी हसत यावं की तोंड पाडून, हे पोचल्यावरच कळणार.

यावर भाषाप्रेमी विचारतील की सभा, मेळावा, संमेलन असे भरदार शब्द घरात असताना ही उसनवारी कशाला? शब्द आहेत, पण त्यांच्या खुर्च्या आधीच भरल्या आहेत. परभणीत 1995 साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यानंतर पाणीपट्टीवर बोलायला जमलेल्या नऊ जणांना संमेलन म्हणायची छाती कुणाची होणार? मेळावा म्हटलं की शेतकऱ्याला 1972 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आठवतं. तिथल्या 18 मेच्या खरीप मेळाव्याला तो भाषणांपेक्षा बियाण्याच्या पिशवीसाठी आधी हजर होतो. राहिली सभा. ती 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेच्या नावावर करून टाकली आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. कायदा करणाऱ्यांना गावं चांगली ठाऊक होती, एवढंच म्हणता येईल.

मराठी शब्द मात्र जिथे टिकले आहेत ते जमणं निराळं आहे. हरिनाम सप्ताह, काल्याचं कीर्तन, भंडारा, दिंडी, आठवडी बाजार यांना कुणी कुणाला फोन करून बोलावत नाही. परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस फेब्रुवारीत भरतो, तिथेही हाच प्रकार. त्याला उरूस म्हणायला कुणाची जीभ अडत नाही, आणि तो शब्द मुळात मराठी नाही हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ही माणसं रूढीने येतात. जिथे रूढी नाही तिथे माणसं आणावी लागतात, आणि इंग्रजी शब्द नेमके तिथे उगवतात. सप्ताहात मीटिंगरावांना कुणी विचारत नाही. तिथे ते वरणाची बादली घेऊन पंगतीत मुकाट वाढत असतात. बाकी वर्षभर न दिसणारी नम्रता त्या चार तासांत दिसते.

कुणी म्हणेल, मग बचत गटाच्या बाया काय म्हणतात? त्याही ‘मिटिंग’च म्हणतात. गटाच्या पंचसूत्रीत छापलेला शब्द ‘नियमित बैठक’ असा आहे, पण गल्लीत ‘चल गं, मिटिंगचा टाइम झाला’ अशीच हाक येते. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो म्हणणं मोडत नाही, पक्कं करतो. ती मीटिंगही रूढीची नाही, म्हणून तिला दुसरी दोरी लागते: बचत, कर्ज, हिशेबाची वही, आणि गैरहजर राहिलं तर दंड. फंक्शनला जेवणाची दोरी आहे. मीटिंगरावांच्या मीटिंगला तसं काहीच नाही, म्हणून तिथे एकच ठराव एकमताने होतो, पुढच्या मीटिंगच्या तारखेचा. याच मुलखात निजामाने 1929 साली ‘गश्ती निशान 53’ हा हुकूम काढून सभेला सरकारी परवानगी सक्तीची केली होती, आणि तरीही 1937 साली, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. सरकारला धास्ती वाटावी असं काहीतरी त्या जमण्यात होतं. मीटिंगरावांना परवानगीची गरज नाही, कारण त्यांना कुणी घाबरत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने मांडायलाच हवी. सतरंजी कुठून आणायची, कुणाला दोनदा फोन करायचा, रुसलेल्या भावकीला कुणाच्या हस्ते निरोप धाडायचा, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. तेव्हा ग्रामसभेला शंभर माणसं जमत नसतील, तर सरपंचांनी ते काम बिनदिक्कत मीटिंगरावांवर सोपवावं. फक्त माणसं जमल्यावर माइक त्यांच्या हातात देऊ नये.